पुन्हा उभा राहणारा उमेदवार

शारजात मी ३६ वर्षे नोकरी केली. १९८५ साली ठाण्याहून गेलो आणि २०२१ साली परत आलो. एवढ्या काळात तिथल्या कोणत्याही निवडणुकीत मला मत नव्हते आणि इथल्या मतदारयादीतूनही माझे नाव मध्येच केव्हातरी गळून गेले होते. तरीसुद्धा निवडणुकीविषयी जे काही थोडेफार मला कळले ते तिथेच कळले. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. "अमिरातीत कसली आली आहे निवडणूक? तिथे तर शेखांचे राज्य!" असे आपल्या मंडळींनी लग्नाकार्यांत मला अनेकदा ऐकवले आहे. म्हणून ही हकीकत लिहून काढत आहे. तिच्यात शेवटी माझीच एक चूक कबूल करायची आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

प्रथम तिथला प्रकार काय आहे ते सांगतो. संयुक्त अरब अमिरातीचे राज्य २ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिरातींचे मिळून झाले आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये रास अल खैमा ही सातवी अमिरात त्यात आली. त्याच महिन्यात त्यांची राष्ट्रीय सभा, म्हणजे फेडरल नॅशनल कौन्सिल, प्रथम भरली. तिच्यात ४० सभासद. अबू धाबी आणि दुबई यांचे प्रत्येकी ८, शारजा आणि रास अल खैमा यांचे प्रत्येकी ६, आणि अजमान, उम्म अल कुवैन, फुजैरा यांचे प्रत्येकी ४. गोव्याच्या विधानसभेतही ४० च सभासद आहेत. पण गोव्याच्या सभेला सरकार पाडता येते, या सभेला तसे काही करता येत नाही. कायद्याच्या मसुद्यावर चर्चा करावी, दुरुस्ती सुचवावी, मंत्र्याला प्रश्न विचारावा, इतकेच. अखेरचा शब्द सातही राज्यकर्त्यांच्या सर्वोच्च मंडळाचा आणि राष्ट्राध्यक्षांचा.

पहिली चौतीस-पस्तीस वर्षे हे सगळे सभासद आपापल्या अमिरातीचे राज्यकर्ते नेमत असत. डिसेंबर २००६ मध्ये प्रथमच निम्म्या, म्हणजे २० जागा मतदानाने भरल्या. मतदार कोण? तर राज्यकर्त्यांनी यादीत ज्यांची नावे घातली ते. संबंध देशात ते साडेसहा हजारांच्या आसपास होते. त्या वेळी एकच स्त्री निवडून आली, अबू धाबीच्या अमल अल कुबैसी. पुढे २०११ साली यादी १ लाख २९ हजारांवर गेली, २०१५ साली २ लाख २४ हजारांवर, आणि २०२३ साली ३ लाख ९८ हजारांवर. पक्ष नाहीत, पक्षचिन्हे नाहीत, जाहीरनाम्यांची भांडणे नाहीत. माणूस उभा राहतो तो आपल्या नावावर, घराण्यावर आणि केलेल्या कामावर.

हे आकडे मी पुस्तकात वाचून पाठ केलेले नाहीत. ते मला आमच्या मंदूबसाहेबांनी एकेक करून शिकवले.

आखाती देशांत नोकरी केलेल्यांना 'मंदूब' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कंपनीतल्या लोकांचे पासपोर्ट, व्हिसे, कामाचे परवाने यांची सरकारी कचेऱ्यांतली कामे करणारा माणूस तो मंदूब. आमची कंपनी इमारतीच्या सामानाची होती. नळ, पाइप, लोखंडी सळ्या. मी तिथे हिशेबनीस. मंदूबसाहेब १९९८ साली आले. ते तिथले नागरिक, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मुंबईचे हिंदी सिनेमे पाहून शिकलेले हिंदी बोलणारे. ऑफिसात मला सगळे आडनावाने ओळखत. आपली आडनावे गावांवरून पडलेली, शेवटी 'कर' लावलेली. त्यामुळे मी मराठी माणूस एवढेच लोकांना समजे आणि त्यापुढे कोणी विचारीत नसे. पण पासपोर्टवर माझे आणि वडिलांचे नाव स्वच्छ लिहिलेले होते आणि दोन्ही तोरातली होती. माझा पासपोर्ट पहिल्यांदा हातात घेतला त्याच दिवशी मंदूबसाहेबांना सर्व समजले असणार. ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. आठ वर्षांनी, एके वर्षी आपल्या मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला, तेव्हा फक्त म्हणाले, "उद्या उपास ना? सूर्यास्ताची वेळ बघून ठेवलीत का?"

२०११ च्या यादीत मंदूबसाहेबांचे नाव आले. ४७ वर्षांचा तो गृहस्थ शाळेच्या पोरासारखा आनंदला होता. टेलिफोनवर ज्याला त्याला सांगत होता. त्यांची अमिरात कोणती ते मी मुद्दामच लिहीत नाही. तिथे निवडून द्यायच्या जागा दोनच आणि सारे एकमेकांना ओळखणारे. एवढे सांगितले तरी पुरे. २०११ साली मतदाराला एकाहून अधिक उमेदवारांना मत देता येत असे. मंदूबसाहेबांनी एक मत आपल्या आईकडच्या नात्यातल्या गृहस्थांना दिले, दुसरे शेजारच्यांना. सगळी नाती सांभाळली गेली. नात्यातले गृहस्थ निवडून आले. मतदान मात्र एकंदरीत थोडेच झाले, देशभरात शेकडा २८ च्या आसपास. "यादीत नाव यावे म्हणून लोक धडपडले," मंदूबसाहेब म्हणाले, "आणि नाव आल्यावर घरी बसले."

खरी अडचण २०१५ साली आली. त्या वर्षापासून नियम बदलला. एका मतदाराला एकच मत. उमेदवार देशभरात सव्वातीनशेच्या घरात, आणि मंदूबसाहेबांच्या अमिरातीत ते नात्यातले सभासद पुन्हा उभे. शिवाय एक नवा तरुण उमेदवार. तो मंदूबसाहेबांच्या धाकट्या मुलाचा शिक्षक होता. सप्टेंबर महिना. चौकाचौकांत उमेदवारांचे मोठे फलक लागलेले, प्रत्येकाच्या पांढऱ्या कांदुऱ्याला इस्त्री अशी की घडी मोजावी. प्रचारावर २० लाख दिरहॅमपेक्षा जास्त खर्च करायला बंदी. संध्याकाळी उमेदवारांच्या मजलिसी भरत. कॉफी, खजूर, आणि मग गाऱ्हाणी. मुलांना नोकऱ्या, घरासाठी कर्ज, इस्पितळातली रांग, म्हाताऱ्या आईबापांची पेन्शन. आपल्याकडच्या उमेदवारालाही लोक हेच सांगतात.

एके दिवशी दुपारी सुलेमानी चहा घेताना मंदूबसाहेब माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"नव्या माणसाची गोष्ट सोपी आहे," ते म्हणाले. "त्याने काही केलेले नाही, म्हणून त्याने काही चुकवलेले नाही. पण जो चार वर्षे बसून आला आहे त्याला कसे मोजायचे? तो म्हणतो, मी मंत्र्याला इतके प्रश्न विचारले. लोक म्हणतात, पण उत्तराचे काय झाले? तो म्हणतो, उत्तर माझ्या हातात नाही. ते खरेच आहे. मग त्याच्या हातात होते तरी काय? तुमच्याकडे इतकी वर्षे निवडणुका चालल्या आहेत. पुन्हा उभा राहणाऱ्याला तुम्ही काय विचारता?"

मला पटकन काही सुचले नाही. आपल्याकडे जात विचारतात, पक्ष विचारतात, निकालानंतर कोण कोणाकडे गेला ते विचारतात. ते त्यांना सांगून काय उपयोग? मग एकाएकी मला माझी आई आठवली.

आमचे घर मूळचे कोकणातले, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले. गावात आपली मोजकीच घरे. जुन्या लोकांच्या तोंडी सिनेगॉगला मशीदच म्हणत, तर आमच्या त्या मशिदीच्या कमिटीची आणि मुकादमाची निवड दर काही वर्षांनी होई. बायकांना तिथे मत नसे. पण निवडणुकीची सगळी चर्चा आमच्या ओटीवर चाले आणि आई आत तांदूळ निवडीत ती ऐकत असे. एका वर्षी जुने मुकादम पुन्हा उभे राहिले. पुरुष मंडळी त्यांचा हिशेब मांडू लागली. छप्पर शाकारले, दिव्याच्या तेलाचा खर्च चोख ठेवला, सणाला हजान वेळेवर आणला. वडील म्हणाले, "यात वाईट काय आहे? देऊया पुन्हा त्यांनाच." आई आतून म्हणाली, "गेल्या खेपेला मत मागायला आले होते. त्यानंतर काही मागायचे नसताना कधी आपल्या दारात आले का?"

ओटीवर सगळे गप्प झाले. वडील थोडा वेळ विचार करून म्हणाले, "एकदा आले होते. धाकटीला गोवर आला तेव्हा." आई म्हणाली, "मग द्या."

हे मी मंदूबसाहेबांना माझ्या हिंदीत सांगितले. ते पुष्कळ वेळ चहाच्या पेल्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या आईला मत नव्हते?"

"नव्हते."

"तरीच," ते म्हणाले. "ज्याला मत असते तो आपल्याला काय मिळाले ते मोजतो. ज्याला नसते त्याला माणूस दिसतो."

३ ऑक्टोबर २०१५ रोजी मतदान झाले. तो शनिवार होता, सुक्कोथमधला शब्बाथ. २०११ पासून त्यांची प्रत्येक निवडणूक शनिवारीच झाली आहे. मला मत असते तर आमच्या हजानसाहेबांना एक नवाच प्रश्न विचारावा लागला असता, असे मी मंदूबसाहेबांना म्हटले आणि ते खूप हसले. रविवारी त्यांनी मतदानाचे सारे वर्णन केले. ओळखपत्र यंत्रात घालायचे, पडद्यावर उमेदवारांचे चेहरे येतात, एकाला बोट लावायचे, संपले. कोणाच्या चेहऱ्याला बोट लावले ते मात्र त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. नात्यातले गृहस्थ निवडून आले की पडले तेही मी इथे लिहिणार नाही. लिहिले तर ते कोण हे कोणीही हुडकून काढील.

त्या वर्षीही देशभरातून एकच स्त्री निवडून आली, रास अल खैमाच्या नामा अल शरहान. पण नोव्हेंबरात सभा भरली तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी बसल्या त्या अमल अल कुबैसी, नऊ वर्षांपूर्वी निवडून आलेल्या त्याच बाई. या खेपेला त्या नेमलेल्या सभासदांपैकी होत्या. अरब देशांत अशा सभेच्या अध्यक्षपदी बसलेली ही पहिली स्त्री. पुढे २०१९ च्या निवडणुकीपासून निम्म्या जागा स्त्रियांना, असा हुकूमच निघाला. मला पुन्हा आई आणि तिचे तांदूळ आठवले.

इथवर सारे दुसऱ्यांच्या निवडणुकीचे झाले. आता माझ्या स्वतःच्या निवडणुकीचे सांगतो.

आम्हा मराठी लोकांचे तिथे एक लहानसे मंडळ होते. दीडशेच्या आत कुटुंबे. गणपती, दिवाळी, एखादे नाटक, मुलांची वक्तृत्व स्पर्धा. २००८ पासून मी त्याचा चिटणीस होतो. दर दोन वर्षांनी निवडणूक लागे आणि दर वेळी माझ्या विरुद्ध कोणी अर्ज भरीत नसे. हिशेबनीस माणूस, वह्या चोख, सभेचे वृत्तांत वेळेवर. लोक म्हणत, "तुम्हीच राहा." मी राही. आपण लोकांना हवे आहोत, अशी माझी समजूत झाली होती. दुसरे कोणी तयार होत नाही एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, हे माझ्या मनात आले नाही.

२०१५ च्या डिसेंबरात प्रथमच माझ्या विरुद्ध अर्ज आला. एका तरुण इंजिनिअरचा. निवडणूक जानेवारीत होती. मी सभासदांची यादी समोर घेतली आणि कोणाकोणाला भेटायला जायचे त्यावर खुणा करू लागलो. खुणा करता करता हात थांबला. मंदूबसाहेबांना मी मोठ्या ऐटीत आईची गोष्ट सांगितली त्याला तीन महिनेही झाले नव्हते. त्या यादीतली किती घरे अशी होती की जिथे मी काही काम नसताना गेलो होतो? मी प्रामाणिकपणे मोजली. अकरा निघाली. त्यातली सात माझ्या बायकोच्या मैत्रिणींची.

आणि एका नावावर माझी नजर अडकली. त्या बाई एका दवाखान्यात नर्स होत्या. २०१४ साली त्यांचे यजमान हृदयविकाराने एकाएकी वारले. घरात त्या आणि बारा वर्षांचा मुलगा. मंडळाने मदत केली, म्हणजे मीच केली. परदेशात माणूस गेला की देह गावी न्यायला किती कागद लागतात ते ज्याच्यावर प्रसंग आला त्यालाच ठाऊक. मृत्यूचा दाखला, पोलिसांचे पत्र, आपल्या वकिलातीतली पासपोर्ट रद्द करण्याची नोंद, विमान कंपनीची कार्गोची पावती. मंदूबसाहेबांना मागे लावून मी हे सर्व तीन दिवसांत उरकले. वर्गणी गोळा केली आणि पाकीट एका सभासदाच्या हाती पाठवून दिले. मी स्वतः गेलो नाही. वर्षअखेरचे हिशेब चालू होते, हे एक कारण. दुसरे खरे कारण असे की रडणाऱ्या माणसासमोर काय बोलावे ते मला समजत नाही. पुढे त्या परत आल्या, कामावर रुजू झाल्या. आता जावे म्हटले तर उशीर झाला होता. मग आणखी उशीर झाला. मग गेलोच नाही.

आता जायचे तर निवडणूक समोर होती. तरी गेलो. न जाणे त्याहून वाईट दिसेल असे वाटले, आणि त्यात मताचा विचार अजिबात नव्हता असेही मी म्हणणार नाही.

बाईंनी चहा केला. मुलगा आतल्या खोलीत अभ्यास करीत होता. त्याने बाहेर येऊन नमस्कार केला आणि परत गेला. थोडा वेळ इकडचे तिकडचे झाले. मग त्या म्हणाल्या, "निवडणूक आहे ना या वेळी?"

मी "हो" म्हटले. दुसरे काय म्हणणार?

"काका, तुम्ही कागद वेळेवर केलेत ते मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही नसता तर आम्ही आठ-दहा दिवस तिथेच अडकलो असतो. पण एक सांगू? त्या आठवड्यात दारात कोण कोण येऊन गेले ते मी मोजीत होते. दुसरे काही सुचतच नव्हते म्हणून मोजीत होते. तुमचे पाकीट आले."

मी मान खाली घातली.

"मत मी तुम्हालाच देणार," त्या म्हणाल्या. "पुन्हा कोणावर तशी वेळ आली तर कागद करणारा माणूस पाहिजे."

वाचकहो, त्यांनी मला चार कठोर शब्द ऐकवले असते तर बरे झाले असते. त्यांनी मला मत दिले. जानेवारीत मी चार मतांनी निवडून आलो. त्या चारांत एक त्यांचे होते. टाळ्या झाल्या, हार घातले. माझ्या मनात मात्र त्यांनी केलेली ती मोजणी चालू होती.

काठावर निवडून येणे ही एक विलक्षण गोष्ट आहे. आमच्या ऑफिसात पेडण्याकडचा एक गोवेकर होता. मार्च २०१७ मध्ये गोव्याचा निकाल लागला त्या दिवशी तो कामाला हात लावीना. मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतःच्या मांद्रे मतदारसंघात पडले होते. पुढे २०२२ साली मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत अवघ्या ६६६ मतांनी निवडून आले. गोव्यासारख्या लहान राज्यात एका मतदारसंघात मते ती किती! मोठ्या राज्यात पुढाऱ्याचा चेहरा लोकांना भिंतीवर दिसतो. लहान ठिकाणी तो बाजारात, मयताला, बारशाला दिसतो, किंवा दिसत नाही. पडलेल्याला निदान आपण पडलो हे ठाऊक असते. काठावर आलेल्याने मात्र ठरवायचे असते की आपण जिंकलो असे समजायचे, की चार माणसांनी आपल्याला मुदत वाढवून दिली असे समजायचे.

मी दुसरे समजायचे ठरवले. पुढच्या दोन वर्षांत यादीतल्या प्रत्येक घरी एकदा तरी गेलो. पावतीपुस्तक घरी ठेवून गेलो. सुरुवातीला लोक बावरत. "काही काम होते का?" असे विचारीत. काही काम नाही म्हटले की आणखीच बावरत. हळूहळू सवय झाली, त्यांना आणि मलाही. रडणाऱ्या माणसासमोर काय बोलावे ते मला अजूनही समजत नाही. पण बोलावे लागतच नाही, बसले तरी चालते, एवढे समजले. २०१८ साली मी अर्ज भरला नाही. तो इंजिनिअर बिनविरोध चिटणीस झाला. वह्या त्याच्या हवाली करताना मी त्याला आईची गोष्ट सांगितली. तो हसला. तोही कधीतरी यादी घेऊन बसेल तेव्हा त्याला ती आठवेल.

आता शेवटची गोष्ट, आणि ती मंदूबसाहेबांचीच आहे.

माझी बहीण अश्दोदला असते. २०२० च्या ऑगस्टपर्यंत अमिरातीतून इस्रायलला साधा फोन लागत नसे. बहिणीची खुशाली विचारायची तर मी ठाण्याला भावाला फोन करायचा आणि त्याने तिला करायचा, असे आम्ही वर्षानुवर्षे केले. त्या ऑगस्टात दोन्ही देशांमधला फोन सुरू झाला, तेव्हा मंदूबसाहेब सकाळी सकाळी माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "लावा बहिणीला. आता लागतो." मी लावला. ते जवळच उभे होते. माझे बोलणे संपल्यावर एक शब्द न विचारता आपल्या कामाला निघून गेले.

२०२१ साली मी निवृत्त होऊन ठाण्याला आलो. फोन कमी कमी होत गेले. सणाला एक, रमजानला एक. २०२३ साली त्यांच्या सभेची पाचवी निवडणूक आली. मतदानाचा दिवस ७ ऑक्टोबर. पुन्हा शनिवारच. सकाळी आम्ही प्रार्थनेला गेलो होतो. दुपारी घरी आल्यावर त्या शनिवारची दुसरी बातमी कळली. ती कोणती हे या अंकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. संध्याकाळपर्यंत बहिणीचा फोन लागत नव्हता. घरात कोणाला जेवण सुचत नव्हते.

रात्री साडेदहाला फोन वाजला. मला वाटले, अश्दोद. मंदूबसाहेब होते.

"बहीण कशी आहे?" त्यांनी विचारले.

"अजून काही कळले नाही," मी म्हटले.

"बरे. मी ठेवतो. लाइन मोकळी राहू दे. कळले की मला कळवा. कितीही वाजले तरी."

पहाटे दीडला बहिणीचा आवाज ऐकला. ती आणि मुले इमारतीच्या आसऱ्याच्या खोलीत होती, सुखरूप होती. मी मंदूबसाहेबांना लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. त्यांनी "अल्हम्दुलिल्ला" म्हटले आणि फोन ठेवला. त्या दिवसाबद्दल, त्या युद्धाबद्दल, त्यांची बाजू आणि माझी बाजू याबद्दल आम्ही त्या रात्री बोललो नाही, आणि पुढेही फारसे बोललो नाही.

महिनाभराने मला आठवले आणि मी विचारले, "अहो, त्या दिवशी तुमची निवडणूक होती ना? मत दिलेत का?"

"दिले," ते म्हणाले. "या वेळी घरी बसून, फोनवरूनच देता येत होते. दोन मिनिटे लागली."

"पुन्हा उभा राहिलेला कोणी होता का?"

"होता."

"मग त्याला काय विचारलेत?"

"तुमच्या आईने विचारले होते तेच," ते म्हणाले. उत्तर काय आले ते त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले. ठाण्याच्या यादीत माझे नाव पुन्हा आले होते. ३९ वर्षांनी मी रांगेत उभा राहिलो. प्रचाराच्या दिवसांत कार्यकर्ते जिन्याने वर-खाली करीत होते, पत्रके देत होते. उंबरठ्याशी उभी राहून माझी बायको प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी. बहुतेकांना तो समजत नसे. एक मुलगा मात्र थांबला, जरा विचारात पडला आणि म्हणाला, "मावशी, हे मी साहेबांना सांगतो."

त्याने सांगितले की नाही कोण जाणे. पण मत देऊन घरी आलो तेव्हा मी मंदूबसाहेबांना फोन केला. काही काम नव्हते.